एको नॉर्मल आला, तरी…

सावद्याहून भुसावळला किंवा जळगावला जाऊन आलेला माणूस घरी सांगतो, ‘टू-डी एको नॉर्मल आला.’ घर निश्चिंत होतं. पण साध्या एकोत हृदयाचे कप्पे, झडपा आणि स्नायूंची हालचाल दिसते. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमधला प्रवाह त्यात मोजलेला नसतो. ध्वनिलहरींनी तोही मोजता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

स्वीडनमधल्या लुंड इथे डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३मध्ये धातूतल्या भेगा शोधणारं यंत्र छातीवर टेकवून हृदयाची हालचाल टिपली. पुढे डॉपलर तंत्राची जोड मिळाली आणि वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीवरून रक्ताचा वेग कळू लागला.

पण हृदयाची धमनी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, तीही सतत हलणारी. तीन मुख्य धमन्यांपैकी छातीच्या पुढच्या भिंतीजवळून जाणारी ‘एलएडी’ त्यातल्या त्यात चांगली सापडते. बाकीच्या दोघी अवघड. हात बसलेला तज्ज्ञच हवा. रक्ताच्या वेगाच्या आलेखातली मोठी लाट येते हृदय सैलावतं तेव्हा, कारण आकुंचन पावताना हृदयाचा स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. साऱ्या शरीराला रक्त धाडणारं हृदय स्वतःचा मोठा वाटा विसाव्याच्या क्षणी घेतं. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

आधी आरामातला वेग मोजतात, मग शिरेतून ॲडिनोसिन हे औषध देऊन वाढलेला. निरोगी माणसात तो दुपटीहून अधिक होतो. दुपटीच्या आत राहिला, तर पुरवठा कमी पडतो आहे असं समजावं. केळीच्या बागायतदाराला हे लगेच पटेल: चोक झालेली ठिबकची नळी हिवाळ्यात भागवून नेते, मे महिन्यात उघडी पडते.

अडथळा नेमका कुठे, हे मात्र अँजिओग्राफीच दाखवते. उलट, अँजिओग्राफी स्वच्छ असूनही छाती दुखणारे रुग्ण असतात, त्यांत बायका पुष्कळ. त्यांच्यातल्या अनेकींचा दोष सूक्ष्म रक्तवाहिन्यांत असतो, आणि दुखणं ‘टेन्शन’ म्हणून झटकलं जातं. अशा बाईच्या हातात तिच्या त्रासाचा पुरावा देणं, हे मी या तपासणीचं मोठं काम मानतो.

म्हणून एको नॉर्मल येऊनही चालताना छातीवर दाब येत असेल, धाप लागत असेल, तर डॉक्टरांना विचारा: धमन्यांतला रक्तप्रवाह तपासायला हवा का? दमा असेल तर तेही सांगा, ॲडिनोसिन दम्याच्या रुग्णाला चालेलच असं नाही. आणि छातीत अचानक कळ आली, तर या तपासणीची वाट पाहू नका. आधी जवळचं रुग्णालय गाठा आणि ईसीजी काढा.