भजनाची चाल गिटारवर बसवली, आता लिहून कशी ठेवायची? मोफत सॉफ्टवेअरची सोपी ओळख

बारामती : आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर या वाटेने पंढरपूरला जाते. या पट्ट्यातल्या भजनाच्या चाली कानानेच शिकल्या जातात. बुवांनी म्हणायचं, टाळकऱ्यांनी उचलायचं. पण ज्याच्या गळ्यात चाल आहे तो माणूस गेला, की बऱ्याचदा चालही जाते. आता गिटार शिकणाऱ्या मुलांना ती वाजवून लिहून ठेवता येते, तीही पदरचा पैसा न घालता.

चाली लिहून ठेवणं आपल्याकडे नवं नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी उस्तादांकडच्या बंदिशी मिळवून स्वरलिपीत लिहिल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या. म्हणून त्या आज कुणालाही शिकता येतात.

टॅब म्हणजे काय?

गिटारच्या सहा तारांसाठी सहा आडव्या रेघा. सर्वात वरची रेघ म्हणजे सर्वात बारीक, पहिली तार. रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट दाबायचं. शून्य म्हणजे तार मोकळी.

पेटीची पांढरी एक ‘सा’ धरली तर सप्तक असं मिळतं : सा – पाचवी तार, 3. रे – चौथी तार, 0. ग – चौथी, 2. म – चौथी, 3. प – तिसरी, 0. ध – तिसरी, 2. नी – दुसरी, 0. वरचा सा – दुसरी, 1. बुवांची पट्टी काळी एक असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावायचा, आकडे तेच राहतात.

टॅबची एक अडचण आहे. बोट कुठे ठेवायचं ते आकडा सांगतो, पण स्वर किती वेळ धरायचा ते सांगत नाही. त्यामुळे चाल आधी ऐकलेली नसेल, तर नुसत्या आकड्यांवरून ती वाजत नाही. म्हणून टॅबच्या जोडीला पाच रेघांचं नोटेशन हवं. त्यात स्वराची लांबी कळते.

सॉफ्टवेअर कोणतं?

‘म्युझस्कोअर स्टुडिओ’ आणि ‘टक्सगिटार’ ही दोन्ही मोफत आहेत, ‘गिटार प्रो’ विकत घ्यावं लागतं. म्युझस्कोअरच्या वेबसाईटवर इतरांचे स्कोअर डाऊनलोड करायला वर्गणी मागतात. पण लिहिण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, हे लक्षात ठेवावं. त्यासाठी लॅपटॉप किंवा संगणक लागतो. एकदा घेतलं की लिहिताना नेट नसलं तरी चालतं.

लिहायचं कसं?

म्युझस्कोअरमध्ये नवीन स्कोअर उघडून गिटार निवडावी. ठेका आठ मात्रांचा असेल तर 4/4, दादरा असेल तर 6/8 घ्यावं. गिटारला आणखी एक जोडलेला स्टाफ देऊन त्याचा प्रकार टॅब ठेवावा. मग नोटेशनमध्ये स्वर लिहिला की टॅबमध्ये आकडा आपोआप उमटतो.

तो आकडा मात्र तपासून घ्यावा. गिटारवर एकच स्वर दोन-तीन ठिकाणी सापडतो. वरचा ‘प’ तिसऱ्या मोकळ्या तारेवर आहे, तसाच चौथ्या तारेच्या पाचव्या पडद्यावरही आहे. सॉफ्टवेअर त्यातली एक जागा निवडतं. हाताला अवघड गेली तर स्वर दुसऱ्या तारेवर न्यावा.

दोन-चार ओळी झाल्या की स्पेसबार दाबून ऐकावं. चुकलेली मात्रा कानाला लगेच खटकते. शेवटी पीडीएफ काढून मंडळाच्या वहीत लावावी आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडावी म्हणून म्युझिकएक्सएमएल फाईल जपून ठेवावी.

मींड आणि गळ्यातल्या बारीक हरकती कागदावर पूर्ण उतरत नाहीत. म्हणून बुवांचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करून तेही याच फाईलसोबत ठेवावं. ते काम बुवा गाते आहेत तोवरच होऊ शकतं.