हवेची गाळणी

मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते हे खरे, पण वजनाने पाहिले तर ते पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी जास्त खाते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबात हे प्रमाण आणखी डोळ्यांत भरते: एका लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा. 35 लिटरची टाकी रिकामी होईपर्यंत तीन लाख लिटरांच्या आसपास हवा सिलिंडरांतून गेलेली असते, आणि तीही रस्त्यालगतची, पुढच्या ट्रकने उडवलेल्या फुफाट्यातली.

या फुफाट्यात वाळूचे, म्हणजे सिलिकाचे बारीक कण असतात. मोह्सच्या काठिण्यश्रेणीत या सिलिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा, क्रमांक सातवा; सिलिंडरचे बीड त्यापुढे मऊ. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये असतो तो तेलाचा काही मायक्रॉनांचा पापुद्रा. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड, आणि इंजिनाला सर्वांत घातक कण साधारण 5 ते 20 मायक्रॉनांचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे. असे कण रिंगेबरोबर वरखाली घासत राहतात आणि भिंत पॉलिश पेपरसारखी झिजवतात. मग कॉम्प्रेशन जाते, गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो, तेल वर चढून जळते, सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. ‘इंजिन ऑइल खातंय’ हे गॅरेजमधले निदान अनेकदा इथून सुरू झालेले असते. धूळ तेलात मिसळली की बेअरिंगेही सुटत नाहीत.

फोर्डची 1908 साली आलेली मॉडेल टी एअर फिल्टरशिवायच धावत होती. पुढे ऑइल बाथचा जमाना आला. त्यात आत येणारी हवा तेलाच्या भांड्यावर आपटून एकदम वळते; जड कणांना ते वळण घेता येत नाही, ते तेलात बसतात. उरलेले कण तेलाने ओल्या झालेल्या जाळीत अडकतात. शेतातल्या अनेक ट्रॅक्टरांवर ही व्यवस्था अजून दिसते. तिचे एक सुख म्हणजे तेलाखेरीज विकत आणण्याजोगे काही नसते: गढूळ तेल ओतून द्यायचे, भांडे आणि जाळी डिझेलने धुवायची, खुणेपर्यंत नवे तेल भरायचे. उणीव अशी की इंजिन मंद चालताना हवेला वेग नसतो आणि गाळणही कच्चे होते.

आजच्या मोटारीत बहुधा घडीदार कागदाचा फिल्टर असतो. घड्यांमुळे लहानशा डब्यात बरेच मोठे क्षेत्रफळ मावते आणि हवेला फारसा अडथळा होत नाही. हा कागद नुसत्या चाळणीसारखा काम करत नाही. भोकांपेक्षा लहान कणही तंतूंवर आदळून चिकटतात, आणि साचलेली धूळ स्वतःच गाळणीचा आणखी एक थर बनते. म्हणूनच थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा बारीक गाळतो. थर फार वाढला की मात्र हवा कोंडते. कार्बोरेटरच्या गाड्यांत अशा वेळी मिश्रणात पेट्रोल वाढे आणि मायलेज घटे. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवेच्या बेताने इंधन सोडतो. त्यामुळे पेट्रोलचा फरक किरकोळ, पण पिकअप जाणवण्याइतका मरतो. ‘फिल्टर बदला, मायलेज वाढेल’ हा सल्ला बऱ्याच अंशी जुन्या गाड्यांचा वारसा आहे.

फिल्टर बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. खडी-मातीच्या रस्त्यांवर ते बरेच आधी येते. कॉम्प्रेसरची हवा मारून तोच कागद पुन्हा पुन्हा वापरणे ही मात्र खोटी काटकसर. जोराच्या झोताने तंतू फाटतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकातून पुढे धूळ बिनदिक्कत जाते. वारंवार डबा उघडण्यातही धोका आहेच: कडेचे रबर नीट बसले नाही, तर हवा कागदाला वळसा घालून आत शिरते.

खातरजमा सोपी आहे. इंजिन बंद आणि थंड असताना फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा पाइप काढून आतून पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडक्याला माती लागली, तर कागद फाटला आहे किंवा रबर सुटले आहे.