मास्तरांची उन्हाळी शाळा

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले, महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं, प्रगतिपुस्तकं वाटली, की मुंबईतल्या शाळांना सुट्टी लागते ती थेट जूनच्या मध्यापर्यंत. मास्तरांची चंगळ आहे, असं शेजारीपाजारी म्हणतात. पण याच सुमाराला शाळेत एक परिपत्रक येऊन पडलेलं असतं : इतिहास व राज्यशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी उन्हाळी कार्यशाळा, उपस्थिती आवश्यक. कोकणात जायचं तिकीट काढून ठेवलेल्या बाईंचा चेहरा पडतो. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली असते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही जा, पहिल्या दिवशी प्रशिक्षणाला येऊन बसलेले चेहरे सारखेच दिसतात.

मी तीस वर्षं घाटकोपरच्या एका मराठी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. आधी प्रशिक्षणार्थी म्हणून बाकावर बसले, पुढे साधनव्यक्ती म्हणून फळ्यापाशी उभी राहिले. त्यामुळे हा राग मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही.

मग हे मे महिन्यातच का? कारण वर्ष चालू असताना शिक्षकाला मोकळं करणं शाळेला परवडत नाही. एक शिक्षक तीन दिवस गेला, की त्याचे सगळे तास ‘ऑफ पिरिअड’ होतात आणि दुसऱ्या कुणाच्या तरी माथी बसतात. शिवाय प्रशिक्षण टाळताही येत नाही. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी मिळायची, तर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. आता हे पन्नास तास खऱ्या शिकण्यात जातात की सह्या करण्यात, एवढाच प्रश्न उरतो.

इतिहासाच्या बाबतीत हा प्रश्न जरा जास्तच बोचरा आहे. गणिताचा तास मराठीच्या बाईंना कुणी देत नाही. इतिहासाचा देतात. वेळापत्रक बसवताना ज्यांचे तास कमी पडतात, त्यांच्या वाट्याला इतिहास-नागरिकशास्त्र येतं. पुस्तक वाचून दाखवायचं आणि प्रश्नोत्तरं लिहून द्यायची, त्यात काय मोठंसं, असा समज असतो. त्यात पुस्तकंही बदलली. बालभारतीचं २०१८ साली आलेलं दहावीचं पुस्तक उघडून पाहा. आधी राजा, मग लढाई, मग तह, ही ओळखीची वाट तिथे नाही. इतिहासलेखनाची परंपरा आहे, उपयोजित इतिहास आहे, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन आहे. पुस्तक मला आवडलं. पण इतिहास कसा लिहिला जातो हे शिकवायचं, तर ज्याने स्वतः एखादं साधन हातात धरलेलं नाही, त्याने काय करायचं? तो पुन्हा प्रश्नोत्तरंच लिहून देतो. लेखी पेपर चाळीस गुणांचा, आणि मुलांनाही तेच हवं असतं.

फसलेली कार्यशाळा कशी असते, हे सांगायला वेळ लागणार नाही. एका सभागृहात दीडशे माणसं, डोक्यावर कुरकुरणारे पंखे. पडद्यावर घटकनिहाय गुणविभागणी. साधनव्यक्ती पडद्यावरचं वाचून दाखवते आणि आपण ते वहीत उतरवतो. दुपारी वडापाव, चहा, सही, घर.

चांगली कार्यशाळा एका शब्दापासून सुरू होते. तो शब्द म्हणजे ‘कशावरून?’ सातवी-आठवीतलं एखादं पोर उभं राहतं आणि विचारतं, “बाई, हे कशावरून?” बहुतेक शिक्षक या प्रश्नाला बिचकतात, कारण पुस्तकात तसं दिलं आहे यापलीकडे त्यांच्यापाशी उत्तर नसतं.

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचंच घ्या. घरोघरचे आजोबा वैशाखातली, १६२७ ची तिथी सांगत आले. वर्गात १९ फेब्रुवारी १६३० सांगितली, की मूल गोंधळतं. प्रशिक्षणात आम्ही दोन्ही तारखा फळ्यावर लिहायचो आणि दोन्हींच्या खाली साधनं मांडायला लावायचो. वैशाखाची तिथी येते उत्तरकालीन बखरींमधून. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही येते जेधे शकावलीतून. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे घराण्याकडची ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली प्रसिद्ध झाली. पुढे तंजावरकडे मिळालेल्या परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही तीच तिथी निघाली. परमानंद महाराजांच्या काळातला. दोन वेगळ्या ठिकाणची साधनं एकच गोष्ट सांगतात, म्हणून तिचं वजन वाढतं. शासनानेही अखेर तीच तारीख स्वीकारली. एवढं एकदा शिक्षकाच्या हातून झालं, की मुलाच्या ‘कशावरून’ला तो घाबरत नाही. उलट त्याची वाट बघतो.

उपनगरातल्या शिक्षकांची आणखी एक अडचण असते. इतिहास घडला तो रायगडावर, पानिपतात नाहीतर दिल्लीत, बोरिवलीत काय घडणार, असं मुलांना वाटतं आणि खरं सांगायचं तर शिक्षकांनाही. म्हणून तिसऱ्या दिवशी सभागृह सोडून बाहेर पडायचं. माझी आवडती जागा म्हणजे बोरिवली-दहिसरच्या हद्दीवरची मंडपेश्वर लेणी.

तिथे गेल्यावर पहिली पाऊण तास कुणीही माहिती सांगायची नाही, असा नियम. शिक्षकांनी जे दिसतं तेवढंच लिहायचं. ठाऊक आहे ते लिहायचं नाही. शिक्षकांना हे फार जड जातं, कारण बोलण्याची सवय! मग हळूहळू कागद भरू लागतात. खांब. झिजलेला, पण ओळखू येणारा नटराज. जुन्या कोरीवकामाच्या जागी कोरलेला मोठा क्रूस. वर टेकडीवर पडक्या इमारतीच्या भिंती. आता विचारायचं : यातलं आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, आणि कशावरून?

दगड बघून क्रम लावून झाला, की मग साली सांगायच्या. शिवाचं हे लेणं साधारण सहाव्या शतकातलं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई आणि तिच्यासोबत साष्टी बेट पोर्तुगीजांना दिलं. त्यानंतर इथे ख्रिस्ती मठ आणि प्रार्थनास्थळ झालं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीला इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. साष्टी म्हणजे कुठे दूर नाही, बरं का. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी साष्टीच.

इथे एखाद्या शिक्षिकेचा हात हमखास वर होतो. “हे वर्गात सांगायचं कसं? माझ्या वर्गात फर्नांडिस आहे, म्हात्रे आहे, शाह आहे.” ही भीती मला खरी वाटते, आणि कार्यशाळेचा सगळ्यात मोलाचा तास याच प्रश्नावर खर्च व्हावा, असं माझं मत आहे. मी सांगत असे : दगड जे दाखवतो ते लपवू नका. मूर्तीच्या जागी क्रूस आला, हे खरं आहे, ते सरळ सांगा. साल सांगा, सत्ता कुणाची होती ते सांगा. मात्र सोळाव्या शतकातल्या पाद्र्याचा हिशेब पहिल्या बाकावरच्या फर्नांडिसकडे मागू नका. उलट त्याला विचारा, तुझी आजी घरी कुठली भाषा बोलते? गावठाणातल्या ईस्ट इंडियन घरांमध्ये मराठीचीच एक बोली चालत आली आहे. ही माणसं साष्टीतली जुनी रहिवासी. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी घेतलं ते १८८७ मध्ये, म्हणजे अलीकडेच. हे ऐकल्यावर वर्गातली म्हात्रेही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघते.

कान्हेरीला गेलं, तर काम आणखी वेगळं. तिथल्या ब्राह्मी लेखांमध्ये सोपारा आणि कल्याणच्या दात्यांची नावं आहेत, पाण्याच्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांची नावं सांगणारे. लेण्यांच्या भिंतीवर नाव लिहून येणाऱ्या पोरांना रागावताना हा दाखला जरा जपूनच वापरावा लागतो!

नागरिकशास्त्राची गंमत अशी, की तिथे साधन शिक्षकाच्या अंगावरच असतं आणि त्याला ते दिसत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामांतून सोडवलं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं ठेवली. त्यामुळे सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी मतदान केंद्रावर रात्र काढलेली असते. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचं, किमान ५० मतं टाकून मोजून दाखवायची, ती पुसून यंत्र सीलबंद करायचं, संध्याकाळी किती मतं पडली याचा १७-सी नमुना भरून त्याची प्रत प्रतिनिधींच्या हाती द्यायची. हे सगळं केलेली बाई जूनमध्ये वर्गात जाते आणि ‘निवडणूक प्रक्रिया’ हा धडा वाचून दाखवते! मी प्रशिक्षणात सांगायचे, की पुस्तक मिटा आणि तुमची ती रात्र सांगा. आधी कुरकुर व्हायची. मग एकेक जण बोलू लागायचा. यंत्र उघडून दाखवण्याआधी प्रतिनिधींना का बोलवायचं, हे सांगता सांगता मतदानातला विश्वास कुठून येतो, हे आपोआप निघायचं.

महापालिकेचा धडा सहावीला असतो. मुंबई महापालिकेत २२७ नगरसेवक, त्यांच्यातून महापौर. पण मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक कारभार बघत होते. म्हणजे सहावीच्या चार वर्षांच्या मुलांनी नगरसेवक पुस्तकात वाचला, वॉर्डात तो नव्हता. “बाई, आमचा नगरसेवक कोण?” या प्रश्नाला शिक्षकाने त्या काळात काय उत्तर द्यायचं? निवडणूक का लांबली, कोर्टात काय चाललं होतं, प्रशासक कुणाला जबाबदार असतो, हे शिक्षकाला ठाऊक असलं, तर तो धडा त्या वर्षी जास्तच जिवंत झाला असता. त्यासाठी शिक्षकांना एकदा विभाग कार्यालयात न्यावं. अंधेरीचं के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीचं आर मध्य, मुलुंडचं टी, घाटकोपरचं एन. तुंबलेल्या गटाराची एक तक्रार द्यायची, तिचा क्रमांक घ्यायचा आणि ती कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जाते ते बघायचं.

या सगळ्याला फार पैसा लागत नाही. पाच दिवस पुरतात. मात्र ते मेच्या पहिल्या आठवड्यात घ्यावेत आणि तारीख फेब्रुवारीतच कळवावी, म्हणजे बाईंना गावचं तिकीट काढता येईल. तीसपेक्षा जास्त माणसं एका गटात नकोत. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या शाळेपासून चालत जाता येईल अशा एका जागेवर अर्ध्या पानाची टिपणी लिहून द्यावी : मुलांनी तिथे काय बघायचं आणि कुठले तीन प्रश्न विचारायचे. जुनी विहीर चालेल, गावठाणातला क्रूस चालेल, स्टेशनही चालेल. १६ एप्रिल १८५३ ची पहिली गाडी ठाण्याला गेली ती आजच्या घाटकोपर-मुलुंडवरूनच. अशा तीस टिपण्या एकत्र केल्या, की तीस शाळांची वर्षाची सोय होते. आणि कान्हेरीचा बेत ठरवणार असाल, तर सोमवार सोडून ठरवा. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. सकाळी लवकर निघा, पाणी जास्त घ्या.