चिकित्सेचा तिसरा पाद : गावपातळीवरील आरोग्य मदतनिसांचे प्रशिक्षण

वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहेत. त्यांपैकी उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा आहे. वैद्यासाठी महाविद्यालये उभी राहिली, द्रव्यासाठी निर्मितिशाळा आणि परवाने आले. उपस्थाता मात्र आजही आपल्या बहुतेक चिकित्सालयांत पाहून पाहूनच शिकतो. या तिसऱ्या पादाच्या रीतसर शिक्षणाचा विचार येथे करावयाचा आहे.

तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे बपेरा हे गाव उदाहरणादाखल घेऊ. भंडारा हा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात आणि धुऱ्यावर दिवसभर वावरणाऱ्यांना सर्पदंशाचे भय असते. रस्त्यावरील अपघात, भाजणे, विजेचा धक्का हेही नित्याचेच. अशा वेळी रुग्णाला आधी जवळच्या डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात आणले जाते आणि मग तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयाची वाट धरली जाते. मधला अर्धा-पाऊण तास ज्याच्या हाती असतो, त्या मदतनिसाला काय येते, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

उपलब्ध शिक्षण

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. प्रत्येक रुग्णवाहिकेत डॉक्टर, ही तिची विशेषता. आणि या डॉक्टरांत आयुर्वेद पदवीधरांचा वाटा मोठा राहिला आहे. आपत्कालीन चिकित्सा हा आपल्या कक्षेबाहेरचा विषय आहे, असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही.

डॉक्टरेतर मदतनिसांसाठी जनरल ड्यूटी असिस्टंट आणि इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन हे अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात आहेत. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, जून २०२१ मध्ये, केंद्र शासनाने सहा प्रकारच्या आरोग्य मदतनिसांसाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षण सुरू केले आणि एक लाख जणांना तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले. प्रवेशाआधी दोन गोष्टी तपासाव्यात : अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे काय, आणि प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात, किती काळ करावयाचे आहे. ज्या प्रमाणपत्रामागे रुग्णसेवेचा अनुभव नाही, त्याचे मोल फारसे नाही.

जामखेड आणि गडचिरोलीचा धडा

प्रशिक्षण कसे असावे, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे कार्य आरंभिले. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. या स्त्रिया जामखेडला येत, शिकत, गावी परतून तेच करीत आणि आपल्या अडचणी घेऊन पुन्हा येत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील आरोग्यदूतांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून आशा सेविकांमार्फत अशी गृहभेटींची सेवा देशभर देण्यात येऊ लागली.

दोन्ही ठिकाणी काम निश्चित होते, वरिष्ठांची देखरेख होती आणि उजळणी कधी थांबली नाही. एकदाच भरणाऱ्या शिबिराने हे साधत नाही.

काय शिकवावे

श्वास आणि नाडी पाहणे. हृदयक्रिया थांबल्यास छातीच्या मध्यावर मिनिटास १०० ते १२० या गतीने दाब देणे. वाहत्या जखमेवर थेट दाब धरणे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडणे. जुलाबात जलसंजीवनी देणे. आणि १०८ वर नेमकी माहिती सांगणे. एवढे कोणत्याही मदतनिसाला यायलाच हवे.

सर्पदंशाविषयी आपल्याला विशेष स्पष्ट असले पाहिजे. अरिष्टाबंधन, छेदन आणि चूषण आपण अगदतंत्रात अभ्यासलेले आहे. तथापि घट्ट आवळपट्टीने अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो, चिरा दिल्याने रक्तस्राव वाढतो, हे आज निर्विवाद आहे. म्हणून मदतनिसाला शिकवावयाचे ते असे : धीर देणे, अंगठ्या व कडी काढणे, दंश झालेला हात-पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवणे, रुग्णास चालू न देणे आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात विनाविलंब पोहोचविणे. संहितेचा आदर आणि रुग्णाचे प्राण यांत विरोध मानण्याचे कारण नाही. विषचिकित्सेत काळाचे महत्त्व आपल्या आचार्यांनीही जाणले होते.

आग लागल्यास रुग्णांना बाहेर कसे काढावे, हेही याच शिक्षणाचे अंग आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके दगावली, सात वाचविता आली. या जिल्ह्यात तरी हा धडा कोणी पर्यायी समजू नये.

मर्यादा आणि कर्तव्य

अल्प प्रशिक्षण घेतलेल्या मदतनिसाने स्वतःच्या मनाने इंजेक्शन देणे वा सलाईन लावणे सर्वथा अयोग्य. असा मदतनीस पुढे 'डॉक्टर' म्हणून दुकान थाटतो, तेव्हा हानी रुग्णाची होते आणि अपकीर्ती आपल्या व्यवसायाची. औषधविक्रेत्यांच्या मदतनिसांनाही हेच लागू : छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाला वेदनाशामक गोळी देऊन घरी न पाठवता तत्काळ रुग्णालयात धाडणे, हेच त्याचे खरे कौशल्य. पोलिसांच्या चौकशीचे भयही आता बाळगू नये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

व्यवसायबंधू-भगिनींना आमची सूचना साधी आहे. प्रत्येक चिकित्सालयाने व औषधालयाने निदान एका मदतनिसास मान्यताप्राप्त प्रशिक्षणास पाठवावे, त्या काळातील त्याचा पगार कापू नये आणि परतल्यावर महिन्यातून एकदा त्याची उजळणी घ्यावी. बपेऱ्यासारख्या गावात हे रोवणी सुरू होण्यापूर्वी व्हावे. चार पादांपैकी एक दुबळा राहिला, तर उरलेल्या तिघांचे सामर्थ्यही वेळेवर उपयोगी पडत नाही.