भांडुपवरून धावणारी गाडी अन् साताऱ्याची लेक: सुरेखा यादव रेल्वेचालक कशा झाल्या?

मुंबईतलं भांडुप हे मध्य रेल्वेवरचं गर्दीचं स्टेशन. पण भारतातल्या पहिल्या रेल्वेच्या इतिहासातही या गावाचं नाव आहे. १८४३ मध्ये मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असताना त्यांना मुंबई-ठाणे-कल्याण अशा रेल्वेची कल्पना सुचली, अशी नोंद आहे. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. मात्र इंजिनात बाई चालक म्हणून बसायला त्यानंतर १३५ वर्षांहून जास्त काळ जावा लागला.

ती बाई म्हणजे सुरेखा यादव. सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या, पाच भावंडांत थोरल्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. रेल्वेची परीक्षा दिली, कल्याणच्या प्रशिक्षण केंद्रात शिकल्या आणि १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या. आशियातील पहिली महिला रेल्वेचालक अशी त्यांची ओळख आहे.

पण एकदम एक्स्प्रेस हातात येत नाही. रेल्वेत पायरी-पायरीनंच वर जावं लागतं. सुरुवातीला त्या वाडीबंदर ते कल्याण मालगाडीवर होत्या. १९९८ मध्ये मालगाडीच्या पूर्ण चालक झाल्या, तर २००० मध्ये लोकलच्या मोटरवुमन. महिलांसाठीची 'लेडीज स्पेशल'ही त्यांनी चालवली.

२०१० मध्ये त्यांनी घाटाचं प्रशिक्षण घेतलं. कर्जत-लोणावळा घाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे. चढताना गाडीला मागून जादा इंजिन लावतात, उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर. ८ मार्च २०११ रोजी, महिला दिनी, त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन मुंबईला आणली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली. सप्टेंबर २०२५ अखेर त्या निवृत्त झाल्या.

याच मार्गावर लोकल चालवणाऱ्या मुमताज काझी यांना २०१७ मध्ये नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

गावाकडच्या मुलींना काय करावं लागेल?

या पदाचं आजचं नाव 'सहायक लोको पायलट'.

- शिक्षण: दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय, किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा वा पदवी.
- निवड: रेल्वे भरती मंडळाच्या दोन संगणक परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, कागदपत्रांची तपासणी आणि वैद्यकीय तपासणी.
- नजर: लांबचं चष्म्याशिवाय स्पष्ट दिसायला हवं, रंग नीट ओळखता यायला हवेत. चष्मा घालवण्याचं लेसर ऑपरेशन झालेलं असेल तर या पदासाठी चालत नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधीच डोळे तपासून घ्या.

वयाची अट प्रत्येक जाहिरातीत नीट वाचावी. फॉर्म फक्त भरती मंडळाच्या अधिकृत वेबसाइटवरच भरावा. 'पैसे द्या, रेल्वेत लावतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये.

नोकरी सोपी नाही. ड्युटी रात्री-अपरात्री असते, अनेक इंजिनांत अजून स्वच्छतागृह नाही आणि ही सोय व्हावी अशी महिला चालकांची मागणी आहे. पण 'हे बाईचं काम नाही' या बोलण्याला सुरेखा यादव यांनी ३६ वर्षं गाडी चालवून उत्तर दिलं आहे. घरात दहावी-बारावीची मुलगी असेल, तर आयटीआयच्या प्रवेशावेळी हाही पर्याय तिच्यापुढे ठेवा.