टक् आवाज आलाच पाहिजे!

कपाटातला जुना फिल्म कॅमेरा बंद पडलाय? कंपनीचा पार्ट मिळत नाही म्हणून त्याला भंगारात काढू नका. तुम्हाला हवा असलेला पार्ट कदाचित हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे असेल!

मुंबई-नाशिक हायवेवरचं पडघा हल्ली ओळखलं जातं ते गोडाऊनसाठी. मोबाईल, मिक्सर, बूट... आपण ऑफिसात बसून क्लिक करायचं आणि भिवंडी-पडघा पट्ट्यातल्या कुठल्या तरी शेडमधून पार्सल निघायचं. पण याच पडघ्यात, मामांच्या घरी बसून मी जी वस्तू शोधत होतो, ती यातल्या एकाही गोडाऊनमध्ये नव्हती. रबराचा एक तुकडा. करंगळीच्या नखाहूनही लहान!

मामांकडे यशिका इलेक्ट्रो ३५ आहे. १९६६ साली बाजारात आलेल्या या जपानी कॅमेऱ्याचा फण्डा एकदम सोपा. अॅपर्चर तुम्ही ठरवा, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवेल. त्या काळी म्हणजे जादूच! मामांनी घरातली लग्नं, बारशी, गणपती सगळं याच कॅमेऱ्याने टिपलं. मग एका वर्षी गणपतीचा अख्खा रोल पांढराफटक आला. मामींचा तो शेवटचा गणपती. "माझाच हात चुकला," असं म्हणत मामांनी कॅमेरा पेटीत ठेवला, तो ठेवलाच.

आधी बॅटरी

पेटीतून कॅमेरा काढला, तर आत बॅटरी नाही. मूळची होती ५.६ व्होल्टची, पाऱ्याची. पारा विषारी, त्यामुळे तशा बॅटऱ्या जगभर बंद झाल्या. २०१३ साली पाऱ्याविरुद्ध जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याचं नाव मिनामाता. पाऱ्याच्या विषबाधेने होरपळलेलं हे शहरही जपानमधलंच.

मग करायचं काय? घड्याळवाल्याकडे मिळणारे एलआर ४४ चे चार बटणसेल एकावर एक रचले की होतात ६ व्होल्ट. हा कॅमेरा तेवढा फरक पचवतो. सेल मूळ बॅटरीपेक्षा बारीक, म्हणून भोवती पुठ्ठ्याची नळी. उंचीला कमी, म्हणून खाली एक स्प्रिंग. मागचं बटण दाबलं आणि हिरवा दिवा लागला. सही! मामा चष्मा पुसत जवळ आले. लिव्हर ओढून बघितली आणि म्हणाले, "अरे, पण टक् आवाज कुठे येतोय?"

त्या 'टक्'ची गोष्ट

मामांचे कान तयार होते. चांगल्या इलेक्ट्रोत लिव्हर पूर्ण ओढली की आतून 'टक्' असा आवाज येतो. तो यायचा बंद झाला, की समजायचं आतला रबरी पॅड गेला. काम त्याचं एवढंच, की एका दांडीपुढची फट भरून काढायची. ती दांडी दर फोटोआधी शटरला पुन्हा तयार करते. पॅडचा भुगा झाला की दांडी पुरेशी सरकत नाही, शटर नको तितका वेळ उघडं राहतं आणि फोटो पांढरे पडतात.

म्हणजे त्या गणपतीत मामांचा हात चुकलाच नव्हता!

नवा पॅड आणणार कुठून? यशिका १९८३ मध्ये क्योसेरा कंपनीकडे गेली आणि २००५ मध्ये क्योसेराने कॅमेऱ्यांच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. मी पडघ्यातच जमवाजमव केली. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा, जुन्या स्लिपरचा फोम, बाटलीचं बूच. सगळं पिशवीत घालून गाठला फोर्टातला एक जुना कारागीर. त्याने एकेक तुकडा नखाने दाबून पाहिला. फोम बाद, कारण त्याचा पुन्हा भुगा होणार. बूच फारच कडक. ट्यूबचा एक थर चिकटवला, आवाज नाही. दोन थर चिकटवले आणि... टक्!

"पार्ट कुठल्या कंपनीचा ते बघू नका, तो काय काम करतो ते बघा," कारागीर म्हणाला. जाडी, मऊपणा, व्होल्टेज जुळलं की बास.

हा शहाणपणा आपल्याकडे नवा नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये चक्क सिनेमाचा कॅमेराच जुळवून तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यापुढे आपला रबराचा तुकडा म्हणजे किस झाड की पत्ती!

तुम्हीही करून बघा

• मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम चिकट झाला असेल, तर टूथपिकने खरवडून काढा आणि तिथे काळी लोकर किंवा मखमलीची पट्टी बसवा. नाहीतर उजेड आत शिरलाच म्हणून समजा.

• तुमच्या कॅमेऱ्याच्या मीटरला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागते? १.५ व्होल्टचा सेल घातला तर बऱ्याच मीटरचं रीडिंग चुकतं. त्याऐवजी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा, १.४ व्होल्टचा सेल वापरा. त्याला हवा लागते आणि स्टिकर काढला की तो हळूहळू उतरायला लागतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

• जपानी स्क्रूची खाच वेगळी असते. साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने डोकं झिजतं. जपानी मापाचाच घ्या.

• झटपट चिकटणारा गोंद लेन्सजवळ नको. त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर येतो.

• शटरच्या पात्यांना हात लावू नका. तिथे कारागीरच हवा.

• चोरबाजारात बंद पडलेला तोच मॉडेल दिसला तर घेऊन ठेवा. एका मेलेल्या कॅमेऱ्यावर दुसरा जगतो.

छत्तीस फोटो

पुढच्या रविवारी नवा रोल घेऊन पुन्हा पडघ्याला गेलो. मामांना पॅडची सगळी गोष्ट सांगितली. ते बराच वेळ कॅमेरा हातात उलटासुलटा करत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्या वर्षी रबर गेलं होतं होय?" एवढंच. लिव्हर ओढली. टक्. पुन्हा एकदा मान हलवली आणि आम्हा सगळ्यांना अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं केलं.

"हलू नका रे कोणी. छत्तीसच आहेत!"