भाडेकरू सरकारी भत्त्यावर जगतोय आणि भाडं थकलंय, ब्रिटनमध्ये घरमालक पैसे कसे वसूल करतात?

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली अनेक भारतीय कुटुंबं, त्यात मराठीही आली, दुसरं घर कर्जावर घेतात आणि ते भाड्याने देतात. भाड्यातून बँकेचा हप्ता सुटतो, असं साधं गणित. भाडेकरूची नोकरी गेली, तो सरकारी भत्त्यावर आला आणि दोन महिने भाडं आलं नाही, की हे गणित कोलमडतं. बँक मात्र थांबत नाही.

आता पहिला प्रश्न पडतो तो हा, की सरकार भाड्याचे पैसे देतंय, मग ते घरमालकापर्यंत पोहोचत का नाहीत?

कारण ते भाडेकरूच्या खात्यात जातात. 2013 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या 'युनिव्हर्सल क्रेडिट' योजनेत खाण्यापिण्याचा मूळ भत्ता आणि घरभाड्याचा भाग एकत्र, महिन्यातून एकदा जमा होतो. पगारासारखे पैसे आले की माणूस पगारदारासारखं नियोजन करेल, हा त्यामागचा विचार. कागदावर तो चांगलाच आहे. पण अर्ज केल्यापासून पहिले पैसे यायला साधारण पाच आठवडे लागतात. म्हणजे भाडेकरूचा काही दोष नसतानाही सुरुवातीलाच एका महिन्याची थकबाकी डोक्यावर बसते. शिवाय सरकार पूर्ण भाडं देईलच असं नाही. खासगी घरांसाठी त्या भागातल्या स्वस्त 30 टक्के घरांच्या भाड्यावरून कमाल मर्यादा ठरते आणि एप्रिल 2024 मध्ये ठरवलेले दर नंतर गोठवले गेले. भाडी काही गोठली नाहीत. वरचा फरक भाडेकरूने मूळ भत्त्यातून भरायचा.

इंग्लंडमधल्या घरमालकाकडे कोर्टाच्या आधी एक मार्ग आहे आणि तो अनेकांना माहीतच नसतो. दोन महिन्यांचं भाडं थकलं की डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सकडे ऑनलाइन अर्ज करून 'घरभाड्याचा भाग थेट मला द्या' अशी मागणी करता येते. त्यासाठी भाडेकरूची संमती लागत नाही. भाडेकरार आणि कोणत्या महिन्यात किती आले, किती राहिले याचा हिशोब मात्र हवा. भाडेकरूला किती भत्ता मिळतो हे खातं घरमालकाला सांगत नाही, तेव्हा ते विचारण्यात वेळ घालवू नये. (स्कॉटलंडमध्ये भाडेकरू स्वतःहूनच हा पर्याय निवडू शकतो.)

यातून पुढचं भाडं सुरक्षित होतं. मागच्या थकबाकीचं काय? त्याच अर्जात मूळ भत्त्यातून कपात मागता येते. ही कपात किमान 10 टक्के असते. मात्र एप्रिल 2025 पासून सगळ्या कर्जांची मिळून कपातीची सर्वसाधारण मर्यादा 25 वरून 15 टक्क्यांवर आणली गेली. 2025-26 मध्ये 25 वर्षं किंवा त्यापुढच्या एकट्या माणसाचा मूळ भत्ता महिना 400.14 पौंड होता. त्याचे 10 टक्के म्हणजे 40 पौंड. थकबाकी 1,600 पौंड असेल तर फिटायला 40 महिने! घरमालकाला हे चिडवणारं वाटेल, पण उरलेल्या 360 पौंडांत तो माणूस महिनाभर वीज, गॅस आणि जेवण भागवतोय, हेही खरं. आणि एक मोठी अट आहे. ही कपात भाडेकरू त्याच घरात राहतोय तोवरच चालते. घर सोडलं की ती थांबते. म्हणजे रागाच्या भरात आधी घराबाहेर काढायचं आणि मग पैसे मागायचे, हा क्रम घरमालकाच्याच अंगाशी येतो.

कोर्टात दावा करता येतो आणि थकलेल्या भाड्यासाठी मुदत 6 वर्षांची आहे. निकाल घरमालकाच्या बाजूने लागणं तसं सोपं, वसुली अवघड. पगारातून कपातीचा आदेश कोर्ट देऊ शकतं, तसा आदेश सरकारी भत्त्यावर लागू होत नाही. भत्ता कुणाच्या नावे गहाण टाकता येत नाही, असं 1992 चा कायदाच सांगतो. मग न्यायाधीश परवडेल असा छोटा हप्ता बांधून देतात. तरी निकालाला वजन आहे. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर त्याची नोंद 6 वर्षं राहते, आणि भाडेकरू पुन्हा कामाला लागला की पगारावर हात टाकता येतो.

डिपॉझिटवर फार भिस्त ठेवता येत नाही. वर्षाचं भाडं 50,000 पौंडांपेक्षा कमी असेल तर 2019 च्या कायद्याने ते पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवलं नसेल तर उलट घरमालकालाच दंड भरावा लागतो.

घर खाली करून घेण्याचे नियमही बदललेत. नव्या भाडेकरू हक्क कायद्यानुसार 1 मे 2026 पासून इंग्लंडमध्ये कारण न देता घर खाली करायला लावता येत नाही. थकबाकीच्या ज्या कारणावर कोर्टाला ताबा द्यावाच लागतो, त्यासाठी आता दोनऐवजी तीन महिन्यांचं भाडं थकलेलं हवं, नोटीस देताना आणि सुनावणीच्या दिवशीही. नोटीस चार आठवड्यांची. आणि केवळ युनिव्हर्सल क्रेडिटचे पैसे अजून आले नाहीत म्हणून राहिलेली रक्कम या हिशोबात धरायची नाही.

'मग भत्त्यावरचा भाडेकरू ठेवायचाच कशाला' म्हणून जाहिरातीत तसं लिहिणंही महागात पडतं. 2020 मध्ये यॉर्कच्या कोर्टाने अशी सरसकट बंदी भेदभाव ठरवली आणि नव्या कायद्यात त्यावर थेट मनाई आहे.

भाडेकरूने कर्जसल्लागारामार्फत 60 दिवसांची सवलत घेतली, तर तेवढ्या काळात जुन्या थकबाकीसाठी तगादा लावता येत नाही. चालू महिन्याचं भाडं मात्र त्याला भरावंच लागतं.